ढोबळेकाकांचा इंग्रजी सिनेमा

ढोबळेकाकांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आमच्या सेक्टरातल्या बायकांना इंग्रजी सिनेमे कळायचे ते फक्त ढोबळेकाकांमुळे.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. थंडीच्या दिवसांत शनिवारी संध्याकाळी क्लबच्या मैदानावर दोन बांबूंना पांढरा पडदा बांधत. पुढे साहेबलोकांच्या खुर्च्या, त्यांच्या मागे बाकीची जनता. काका मात्र पडद्याच्या मागच्या बाजूला सतरंजी टाकत. तिथून चित्र उलटं दिसायचं, नायक डावखुरा व्हायचा, पण ‘चुप रहो भाई’ म्हणणारं कुणी नसायचं. काकांना बोलायला मोकळं रान लागे. भोवती आमचं नागपूर-वर्ध्याकडचं मंडळ: माझी आई, ढोबळेकाकू, शेजारच्या दोघी-चौघी आणि कॉलेजात नुकतीच गेलेली मी.

पडद्यावरचा साहेब हातवारे करून तावातावानं बोलायचा. सगळ्याजणी काकांकडे बघत. काका म्हणायचे, “नाही म्हणते.”

आणि मडम नुसते दोन शब्द बोलली, की काका सुरू व्हायचे, “बाई म्हणून राहिली, मायनं मले सांगितलं होतं का त्या घरी जाऊ नको. मी आयकलं नाही. आता भोगून राहिली.”

एकदा आईनं शंका काढली, एवढं सगळं दोन शब्दांत कसं मावलं? काका शांतपणे म्हणाले, “इंग्रजी आटपशीर भाषा हाय, वहिनी.”

काका स्टील प्लांटात टाइम ऑफिसला कारकून. प्रेझेंट, अ‍ॅब्सेंट आणि लेट, इथे त्यांचं इंग्रजी संपायचं. पण जगातल्या सगळ्या भांडणांचं मूळ त्यांना ठाऊक होतं. माणूस उपाशी असतो. खलनायकानं कुणाला गोळी घातली, तरी काका हळहळायचे, “सकाळपासून जेवला नाही ना तो. डोकं फिरलं.” आणि गोरे लोक परमुलखात गेलेले दिसले, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: “पाव्हन्यासारखं राहाता आलं पाहिजे बाप्पा.”

मग त्यांच्याच घरी गोरी पाहुणी आली. मुलगा विलास कॅनडात इंजिनिअर. तिथेच लग्न करून तो लिंडाला पहिल्यांदाच घेऊन आला. आठ दिवसांचा मुक्काम ठरला होता. काकूंनी बेसनाच्या पाटोडीचा तिखटजाळ रस्सा केला. लिंडा दोन घासांत लालबुंद झाली आणि पुढे केळ्यांवर राहिली. पाणी उकळून घेई, वर त्यात गोळी टाकी. सेक्टरातल्या बायका तिला पाहायला रांगेनं येत, केसांना हात लावून बघत. ती दार लावून बसली, की बायका खिडकीशी जात.

तिसऱ्या दिवशी विलास बाहेर गेलेला असताना ती बूट घालून देवघरात शिरली आणि पूजेला बसलेल्या काकूंचा फोटो काढला. काकू ताडकन उठल्या. लिंडा रडत रडत खूप काही बोलली. काकूंनी विचारलं, “काय म्हणते?”

दोन शब्दांतून चार वाक्यं काढणारे काका म्हणाले, “मले नाही समजलं.”

तेवढं एकच भाषांतर त्यांनी खरं केलं, आणि घराचं वाटोळं झालं. दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. सून पहिल्यांदा घरातून निघते, तिची ओटी भरायची. पावर हाउस भागातल्या बाजारातून खण आणलेला होता, तांदूळ-नारळ ताटात काढलेले होते. काकू आतल्या खोलीचं दार लावून बसल्या. काका ताटापाशी नुसते उभे राहिले. विलासनं थोडी वाट पाहिली, मग ऑटोत बसला. सून रिकाम्या ओटीनं गेली. त्यानंतर वर्ष झालं, विलासचं खुशालीचं पत्र नाही. काकू त्याचं नाव काढत नसत, आणि काकाही पडद्यामागे बसले तरी पूर्वीसारखे रंगात येत नसत.

अशात तो सिनेमा आला. गोरं श्रीमंत जोडपं लांबलचक मोटार घेऊन वाळवंटातल्या गावी जातं. एक म्हातारी त्यांना वाडग्यातून दूध देते, मडम नाकाला रुमाल लावते. साहेब विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढतो, गावकरी कॅमेरा फोडतात. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. आता काका पाव्हन्याचं वाक्य टाकणार म्हणून आम्ही वाट पाहत होतो.

काका म्हणाले, “बाई घाबरली हाय. हिले इथं कोनी वळखीचं नाही.”

काकूंनी पदर घट्ट ओढून घेतला. पडद्यावर म्हातारीनं घरात जाऊन दार लावलं. मोटार धूळ उडवत गेली, अक्षरं आली, सिनेमा संपला. लोक उठले. प्रोजेक्टरवाला रीळ गुंडाळू लागला. काका कोऱ्या पडद्याकडे बघत तसेच बसून होते, आणि बोलत होते.

“गाडी थांबली. बाई खाली उतरली. म्हणून राहिली, मले तुमची रीत नाही समजली. कोनी सांगितलीच नाही मले. मी येऊ का परत?”

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. सिनेमा बघताना एरवी अवाक्षर न बोलणाऱ्या काकूंनी विचारलं, “मंग म्हातारी काय म्हणते?”

“तिचं मले आयकू नाही आलं,” काका म्हणाले.

काकू पडद्याकडेच बघत म्हणाल्या, “म्हातारी म्हणते, मी दाराच्या मागंच उभी होती. कान लावून. घरातल्यानं एक हाक मारली असती, तं बाहेर आली असती.”

मला फार वाईट वाटलं. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

“हाक मारायले पाहिजे होती मी,” ते म्हणाले.

हे काही ते सिनेमातलं सांगत नव्हते. आईनं माझ्या दंडाला धरून मला उठवलं. “चाल घरी,” ती हळूच म्हणाली, “बसू दे त्या दोघाईले.”