मन खिन्न आहे

थंड चूल. झेंडूचा हार. डबेच डबे, सगळ्यांत पिठलं. पालमहून धापा टाकत आलेली एसटी. आणि एक शब्द!

शब्द गोपाळनं निवडला. ताडकळसात कुणी खिन्न होत नाही. माणसं नाराज होतात, फार तर तोंड पाडून बसतात. पण त्या दिवशी साधा शब्द पुरणार नव्हता. सकाळी जेवताना तो बायकोला बोलून गेला, "आईच्या हातची चव तुझ्या पिठल्याला जन्मात यायची न्हाई!" शिवकन्येनं पिशवी उचलली आणि पालमचं माहेर गाठलं. आई, चतुराबाई, त्याआधीच कापूस वेचायला गेलेली. गोपाळनं विझलेल्या चुलीचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'मन खिन्न आहे', आणि मोबाईलवर स्टेटस ठेवलं.

"बघच तू," तो मांजराला म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीनं येती का न्हाई!"

आता गावानं हा शब्द आजवर वाचलेला फक्त श्रद्धांजलीच्या बॅनरवर! त्यात चूल थंड. मयताच्या घरी चूल पेटत नसते. पिठलं-भाकरी शेजारीपाजारीच आणून देतात.

शेजारचा दत्तराव येऊन गळ्यातच पडला. "काई बोलू नको गड्या. आमी हाव." बायका डबे ठेवून डोळ्यांना पदर लावू लागल्या. बायको रुसली तर गाव एवढं हळहळतं? गोपाळचा ऊर भरून आला. पण गल्लीतल्या सूर्यभाननं हार कशाला आणला?

"फोटो कोणता लावायचा?" सूर्यभाननं हळूच विचारलं.

"लग्नातला लावा," गोपाळ गोंधळून म्हणाला.

एसटी आली. शिवकन्या अख्खं माहेर घेऊन उतरली, ती सासूच्या नावानं हंबरडा फोडतच! "आत्याबाई! मला न सांगता कशा गेलाव वो!"

तेवढ्यात चतुराबाई शेतातून परतली. दारात गर्दी पाहिली, कापसाचं गाठोडं टाकलं आणि बायकांत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडायला लागली. पोटभर रडून झाल्यावर शेजारणीला विचारलं, "कोन गेलं बाई?"

शेजारीण डबा टाकून पळाली!

शिवकन्येनं डोळे पुसले. "मंग हे खिन्न कशापायी?"

"तुझ्यापायी," गोपाळ पुटपुटला.

"म्हंजे आमचं पिठलं वाया?" दत्तराव ओरडला.

"वाया कशाला?" शिवकन्येनं सगळ्या डब्यांची झाकणं उघडली. "चाखा, अन् गावासमोर सांगा कोनाचं चांगलंय. खोटं बोललात तर आल्या गाडीनं माघारी जाते."

गोपाळ चाखत गेला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघायलाय.

"खरं सांगू? सकाळचं तुझंच बरं हुतं."

शिवकन्येनं सासूकडं पाहिलं. सासूनं आभाळाकडं. मग दोघी अशा हसत सुटल्या, की शिवकन्या माघारी येते का याची वाट पाहून ड्रायव्हरनं एसटी हलवली.

सकाळचं पिठलं चतुराबाईनं केलं होतं.