हुकमाशिवाय न हलणारी यादी

मुख्य कार्यालयाच्या आस्थापना शाखेतल्या कारकुनाने बदल्यांच्या यादीतली आपोआप होणारी आकडेमोड बंद केली, त्यात त्याचा हेतू चांगलाच होता. एका पानावर प्रत्येकाच्या क्रमांकापुढे नवं ठिकाण भरायचं, की छापायच्या पानावरची सूत्रं ते शोधून आणत. नऊशे नावं होती. एक अक्षर बदललं की संगणक दोन मिनिटं विचारात पडे. आता एफ-नाईनचं बटण दाबल्याशिवाय यादी जागची हलत नव्हती, आणि याचं त्याला थोडं कौतुकच वाटत होतं.

त्याची बायको चार वर्षं दुसऱ्या गावच्या शाखेत होती. यंदा सेवाज्येष्ठतेने तिचा नंबर लागला. बाकीची यादी ताजी करून झाल्यावर सगळ्यात शेवटी त्याने तिच्या क्रमांकापुढे ‘मुख्य कार्यालय’ असं भरलं, दोनदा वाचलं आणि त्याच आनंदात बटण न दाबता यादी छापली. शाखाप्रमुख मॅडमनी सही केली.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. ती रडली नाही.

"नऊशे माणसांत विसरायला तुम्हाला मीच सापडले?" एवढंच म्हणाली.

सकाळी त्याने मॅडमना सगळं कबूल केलं. सही झाल्यावर तुमच्याच बायकोचं नाव बदललं तर लोक काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. त्या गावच्या शाखेत आणखी एक जागा रिकामी आहे, तिथे आपणहून जाणारा कोणी असेल तर मात्र सुधारित यादी लगेच काढू, असंही बोलून गेल्या. त्याने तिथेच उभ्याउभ्या अर्ज लिहिला. बायकोला कळवलं नाही. थेट तिच्या दारात जाऊन सांगायचं ठरवलं.

या वेळी त्याने स्वतःचं ठिकाण भरून बटण तीनदा दाबलं. पट्टी लावून स्वतःची ओळ तपासली. फक्त स्वतःची.

शनिवारी तो बॅग भरत होता, तेवढ्यात तिचा फोन आला.

"अहो, सुधारित यादी मिळाली. मी मुख्य कार्यालयात! गुपचूप केलंत ना सगळं?"

तो बॅगेवरच बसला. बटण दाबलं की एकच ओळ ताजी होत नाही, सगळं पान होतं. हे त्यानेच शाखेतल्या सगळ्यांना शिकवलं होतं.

"सामान पुढे पाठवलं, खोली सोडली," ती म्हणाली. "उद्या पोचते. घरीच आहात ना?"



"किल्ली समोरच्या काकूंकडे ठेवतो," तो म्हणाला. "आणि घरमालकांना जरा विचार, ती खोली अजून रिकामी आहे का."