उन्हाच्या पाळीला बदली कामगार

थायरॉइड ही ग्रंथी प्रत्येकाच्या गळ्यात असते, पण गळ्यात पडल्याशिवाय तिची कोणी चौकशी करीत नाही. ती मंदावली की माणूस मंदावतो. मग मेंदूतला जॉबर, म्हणजे गिरणीच्या भाषेत मुकादम, काम होत नाही म्हणून आरडाओरडा करतो. त्या आरडाओरड्याला रिपोर्टात टीएसएच म्हणतात. अशा माणसांत ड जीवनसत्त्वही बरेचदा कमी सापडतं. कोणामुळे कोण कमी, हे डॉक्टरांचं अजून ठरायचं आहे (गिरण्यांचा संप कोणामुळे फसला, हेही लालबागेत अजून ठरायचंच आहे).

आमच्या चाळीतल्या दमयंतीला दोन्ही निघालं. डॉक्टरांनी थायरॉइडला गोळी दिली आणि ड साठी रोज अर्धा तास ऊन सांगितलं. गोळी मेडिकलमध्ये मिळते. ऊन मात्र समोरच्या गिरणीचा टॉवर झाल्यापासून साडेअकरा ते बारा, गॅलरीच्या टोकाला, एका खुर्चीपुरतंच येतं. चाळ कमिटीचे सेक्रेटरी बाबुराव न्यायी माणूस. त्यांनी चिठ्ठी पाहून खुर्ची दमयंतीच्या नावे केली आणि हजेरीपट टांगला.

पण साडेअकराला दमयंती त्याच टॉवरमध्ये पोळ्या लाटत असते (तिथे दिवसभर ऊन आहे, सोफ्याचा रंग उडतो म्हणून पडदे ओढलेले असतात). खुर्ची रिकामी! गिरणीत जन्म काढलेल्या चाळीला रिकामं यंत्र बघवत नाही. बाबुरावांनी नियमाप्रमाणे बदली लावला: लहूकाका. काका गिरणीतही बदलीच होते. दोनशे चाळीस दिवस भरले की कायम, असा हिशेब. त्यांचे दोनशे अडतीस भरले आणि संप सुरू झाला.

काकांनी दमयंतीच्या वतीने इमानेइतबारे ऊन खाल्लं. एक खाडा नाही (ढगाळ दिवसही हजेरीत धरले, यंत्र बंद असलं तरी कामगार हजर होता). आठ महिन्यांनी रिपोर्ट आले. ड निदान तीस तरी हवं; दमयंतीचं नऊ होतं, ते नऊच राहिलं. काकांचं बेचाळीस!

जिना चढताना दोनदा टेकणारी दमयंती त्या दिवशी तडक खुर्चीपाशी आली.

"काका, उठा बघू. सुट्टी टाकून आलेय. माझ्या वाटचं ऊन आज मला पायजे."

काका बिचारे उठतच होते. बाबुरावांनी त्यांना खांदा दाबून बसवलं.

"अगं, आज ह्याचे दोनशे चाळीस भरले! आता ह्याला कोण उठवणार? हा कायम झाला!"

चाळीत संपानंतर प्रथमच कोणी कायम झालं होतं. पेढे आले, गुलाल उडाला, फटाक्यांची माळ लागली, काकांना खुर्चीसकट उचलून नाचवलं (तेवढ्यात ते सावलीत गेले, ती पाव रजा धरली). काका ढसाढसा रडले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? दमयंतीनेही टाळ्या वाजवल्या, भिंतीला टेकून वाजवल्या. बाबुरावांनी तिलाही न्याय दिला: काका रजेवर गेले, तर त्यांच्या जागी पहिली बदली तीच. काका अद्याप रजेवर गेलेले नाहीत.

हसलात ना? हसा. डॉक्टरांनी ऊन तुम्हालाही सांगितलंय आणि हे तुम्ही पंख्याखाली बसून वाचताय. दमयंतीची खुर्ची निदान कोणी तरी अडवली आहे. तुमची कधीपासून रिकामीच आहे.