तळ्याकाठचं तीर्थ

प्रत्येक थोर तळ्याला इतिहास असावा लागतो. नसल्यास तो वरून सोडावा लागतो. इथे आखातात, उम्म सलाल मोहम्मद गावाच्याही पुढे, वाळवंटात, तळ्याकाठी जे उद्यान आहे त्याचा इतिहास शहरातल्या अल मुंतझा वस्तीच्या न्हाणीघरांत रोज सकाळी नव्याने घडतो. तो सांडपाण्याच्या नळांतून प्रकल्पात जातो, शुद्ध होतो आणि तळं म्हणून बाहेर पडतो. (आमचं मराठी मंडळ आंघोळी करून या कार्याला हातभार लावतं.)

उद्यानात करमणुकीची चंगळ आहे. उभं राहून पाण्याकडे बघता येतं. बाकावर बसूनही बघता येतं. पोहण्यास, मासे धरण्यास व पाण्यात उतरण्यास मनाई असल्याचा फलक दोन भाषांत असल्याने वाचनाचीही सोय होते. बगळ्यांना वाचता येत नाही, त्यामुळे ते मजेत असतात.

हे पाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात आमचे विजय इंजिनिअर आहेत. "पिण्याइतकं शुद्ध!" हे त्यांचं वाक्य झाल्याशिवाय मंडळाचा कुठलाही कार्यक्रम सुटत नाही. यावर शंभर टक्के सभासदांचा विश्वास आहे. शंभर टक्के सभासद बाटलीतलं पाणी पितात. विजयही.

परवा त्यांनी सगळ्यांना तळ्यावर नेलं. सोबत सासरे दत्तोपंत, नाशिकहून आलेले. नवं पाणी दिसलं की तीर्थ घ्यायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी पिशवीतून पळी काढली, काठावर वाकून भरली आणि डोळे मिटून तोंडात ओतली. मग दुसरी भरली.

"जावईबापू, हात पुढे करा."

विजयची सगळी नोकरी त्या पळीत होती.

"बाबा, अहो, ते पाणी कशाचं आहे माहितीय का?" त्यांची मुलगी नीता कळवळली.

"माहितीय की. ह्यांनीच काल सांगितलं. ह्यांच्या शब्दावर तर घेतलं मी."

"यू ओन्ली सेड, पप्पा," नात अंतरा म्हणाली. (मुलीला मराठी सगळं कळतं, हे घराघरातलं दुर्दैव.)

विजयनी तीर्थ तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि अत्यंत भक्तिभावाने केसांवर फिरवलं. (शास्त्राला हे चालतं.) दत्तोपंतांनी पळी पुसून पिशवीत ठेवली. आम्ही मात्र पोट धरधरून हसलो.

तुम्हीही हसलात. पण गावच्या नदीचं तीर्थ मागच्या खेपेला तुम्ही गटकन प्यायलात, तेव्हा वरच्या गावाने तिच्यात काय सोडलंय ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि मधे विजय नव्हते.