करण्यात येते

सरकारी मराठीत माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या इमारतीत नाही! हे मी नाही म्हणत, सगळेच म्हणतात. म्हणजे म्हणायचे. आता का म्हणत नाहीत, ते सांगायलाच बसलो आहे, आणि सांगताना मान खाली आहे एवढं आधीच कबूल करतो.

मी नळजोडणी विभागात वरिष्ठ लिपिक. नळ कोणाला द्यायचा, कोणाचा तोडायचा, कोणाला नुसतं ‘विचाराधीन’ ठेवायचं, ते कागद माझ्या टेबलावरून जातात. माझं सगळं कसब दोन शब्दांत मावतं : ‘करण्यात येते’. छाननी करण्यात येते, पाहणी करण्यात येते, खात्री करण्यात येते. या दोन शब्दांची गंमत अशी की काम झालेलं दिसतं आणि करणारा कुठेच दिसत नाही. काम बिघडलं तर कोणी सापडत नाही. जमलं तर खाली ज्याची सही असेल त्याचं. वीस वर्षं मी या दोन शब्दांवर काढली.

तर आमच्याकडे पदांची फेरतपासणी निघाली. प्रत्येकानं आपण काय काम करतो ते बारा पानी फॉर्मात लिहायचं. मग श्रेणी कार्यालयातून तपासनीस येऊन एक दिवस काम बघणार. जबाबदारीला गुण, निर्णय घेण्याला गुण, आपल्या हातून चूक झाली तर किती नुकसान होईल त्यालाही गुण. गुणांच्या बेरजेवर श्रेणी आणि श्रेणीवर पगार. मी श्रेणी चारमध्ये होतो. माझा साडू दुसऱ्या एका खात्यात श्रेणी सहामध्ये आहे. श्रेणी सहाला हातांची खुर्ची मिळते, त्याखालच्यांना बिनहातांची. साडू आमच्याकडे जेवायला आला की साध्या खुर्चीवरही कोपरं बाहेर काढून बसतो. सवय झालीय म्हणतो. माझी बायको नुसती माझ्या कोपरांकडे बघते.

मी तिला छातीठोकपणे सांगितलं की या खेपेला सहावी श्रेणी घरात आलीच म्हणून समज. ‘बाकीचे काम करून श्रेणी मिळवतात,’ मी म्हटलं, ‘मी लिहून मिळवतो.’ हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पण बारा पानं भरायला बारा पानांचं काम लागतं. माझं दीड पानात संपलं. अक्षर मोठं काढलं तरी दोन. तेव्हा मी मान वर करून इकडेतिकडे बघितलं, आणि मला मावशी दिसल्या.

मावशी म्हणजे आमच्या अभिलेख कक्षाच्या मदतनीस, श्रेणी दोन. सगळं ऑफिस त्यांना मावशीच म्हणतं. जमिनीखालून कुठला पाइप कुठे वळतो, कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या दारात पुरलाय, हे त्यांना तोंडपाठ. नकाशे त्या दुरुस्त करत, भांडायला आलेल्यांना त्या शांत करत, दुरुस्तीच्या गँगचा मुकादम फोन करी तो त्यांनाच. मी ते सगळं उचललं. ‘भूमिगत वाहिन्यांचे नकाशे अद्ययावत ठेवण्यात येतात. आपत्कालीन प्रसंगी गँगला मार्गदर्शन करण्यात येते. नागरिकांचे समाधान करण्यात येते.’ यात खोटं एक अक्षर नव्हतं. सगळं करण्यात येतच होतं. ‘चूक झाल्यास परिणाम’ या रकान्यात मी लिहिलं, ‘शहराचा पाणीपुरवठा धोक्यात येतो.’ आणि सही ठोकली.

इथपर्यंत ठीक होतं असंही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मावशी आपला कोरा फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. शेवटच्या श्रेणीवर पेन्शन ठरतं. गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाचवी श्रेणी जरी मिळाली तरी तळमजल्यावरचं घर परवडेल असा त्यांचा हिशेब होता. ‘भाऊ, तुमच्यासारखं लिहिता येत नाही मला,’ त्या म्हणाल्या. ‘तेवढं तुम्ही लिहून द्या.’

आता त्यांचं सगळं काम तर माझ्या फॉर्ममध्ये जाऊन बसलेलं. एकच काम दोन फॉर्मांत कसं लिहायचं? मी त्यांच्या बारा पानांत मिळून एक वाक्य लिहिलं : ‘मागणीनुसार फायली आणून देण्यात येतात व परत ठेवण्यात येतात.’ चूक झाल्यास परिणाम : ‘फाईल सापडत नाही.’

त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं.

‘एवढंच करते का मी?’

‘सरकारी भाषेत थोडक्यात लिहायचं असतं, मावशी.’

‘असेल,’ म्हणाल्या, आणि सही करून गेल्या. मला त्याच वेळी लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, थोडी वाटलीही. पण साडूची कोपरं आठवली आणि ती गेली.

तपासनीस येण्याच्या दिवशी मावशी ऑफिसात असणं बरं नव्हतं. त्याच दिवशी त्यांच्या नातीच्या शाळेत नाटक होतं, आणि नात त्यात झाड झाली होती. मी त्यांना आग्रह करकरून रजा घ्यायला लावली. झाड झालं म्हणून काय झालं, नात एकदाच लहान असते, इकडचं मी बघतो, असं बरंच बोललो. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासारखा माणूस आजकाल मिळत नाही म्हणाल्या.

तपासनीस बाई बरोबर दहाला आल्या. किडकिडीत, कमी बोलणाऱ्या, कानाला लाल पेन्सिल. माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘मी इथे नाही असं समजा.’ आजवर कोणी इतकी अशक्य गोष्ट मला सांगितली नव्हती.

पहिल्यांदा त्यांनी अद्ययावत नकाशे बघायला मागितले. नकाशे हिरव्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली? मी बाहेर जाऊन मावशींना हळूच फोन केला. किल्ली घड्याळाच्या मागे निघाली. कपाट उघडलं तर नकाशे ना रस्त्याच्या नावानं लावलेले, ना नंबरानं. परत फोन. ते म्हणे रस्ता शेवटचा ज्या साली खणला त्या सालाप्रमाणे होते. आता साल कोणाला ठाऊक? परत फोन! तेवढ्या वेळात पाच नागरिक येऊन गेले. पाचही जणांनी दारातूनच विचारलं, ‘मावशी नाहीत?’ मी म्हटलं, या ना, मी आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि उद्या येतो म्हणून गेले. बाईंनी वहीत पाच रेघा मारल्या.

साडेअकराला मुकादमाचा फोन आला. बाळंतिणींच्या दवाखान्यासमोर मोठा पाइप फुटला होता, आणि कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे त्याला कळत नव्हतं.

‘मावशींना द्या.’

‘मी वरिष्ठ लिपिक बोलतोय.’

‘ते असू द्या. मावशींना द्या.’

बाई ऐकत होत्या. हीच ती ‘आपत्कालीन प्रसंगी मार्गदर्शन’ची वेळ! मी झोकात नकाशा पसरला, एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि फर्मावलं, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी खणा. पंधरा मिनिटांनी फोन आला, खणलं, काही नाही. मी म्हटलं, जरा डावीकडे खणा. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. डावीकडेही व्हॉल्व्ह नव्हता, पण दुसरा पाइप होता. आता तोही फुटला होता. मुकादम गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलत होता, आणि जे बोलत होता त्याला सरकारी भाषेत प्रतिशब्द नाहीत. दवाखान्याच्या टाकीत तासभराचं पाणी उरलं होतं, एवढं मात्र मला कळलं. ‘शहराचा पाणीपुरवठा धोक्यात येतो.’ माझ्या फॉर्ममधलं निदान एक वाक्य मी स्वतः खरं करून दाखवलं.

मग मी लाज सोडली आणि बाईंच्या समोरच मावशींना फोन लावायला लागलो. नाटक चालू होतं, त्या उचलेनात. अकराव्या फोनला उचलला. मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक ‘मावशी, या हो’ एवढंच.

अर्ध्या तासात त्या आल्या, जिना चढून, गुडघा दाबत. अंगावर नातीच्या नाटकासाठी नेसलेली ठेवणीतली साडी. बसल्या नाहीत, उभ्यानंच फोन घेतला. ‘लाँड्रीची पायरी आहे ना, तिच्याखाली बघा. रस्ता रुंद केला तेव्हा तिथे सरकवलाय. उलटा फिरतो, जोर लावू नका.’ दहा मिनिटांत पाणी थांबलं.

‘हे नकाशात नाही?’ तपासनीस बाईंनी विचारलं.

मावशी म्हणाल्या, नकाशात कायमची दुरुस्ती करायला वरिष्ठांची सही लागते, त्यांनी तीन वर्षांत तीनदा लिहून दिलं होतं. बाईंनी कागद मागितले. ते माझ्याच खणात होते. तिन्हींवर माझ्या वळणदार अक्षरात शेरा होता : ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

बाईंनी शेरा वाचला. कानावरची लाल पेन्सिल काढली. मग त्यांनी पिशवीतून माझा फॉर्म बाहेर काढला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक ‘करण्यात येते’च्या पुढे समासात एकच शब्द लिहीत गेल्या : ‘कोण?’ बारा पानं! मी त्रेचाळीसपर्यंत मोजले आणि पुढे मोजवेना. त्यानंतर त्यांनी मावशींचा फॉर्म काढला, ते एक वाक्य वाचलं, अक्षर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा मी बसून राहिलो, आणि माझी दोन्ही कोपरं कुठे ठेवावीत ते मला कळेना.

महिन्याभरानं आदेश आला. साहेबांनी दोघांचे कागद माझ्याच हातात दिले. माझी श्रेणी चारच. खाली कारण : ‘सदर कर्मचाऱ्याकडून दूरध्वनी करण्यात येतो, असे आढळून आले.’ मावशींचं पद बदललं होतं, अभिलेख अधिकारी, श्रेणी सहा. नळजोडणीचा वरिष्ठ लिपिक यापुढे त्यांच्या हाताखाली.

मी शेजारच्या अभिलेख कक्षात गेलो आणि त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. तळमजला, एवढंच म्हणाल्या. मला खरोखर आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली. आता सांगून टाकावं असं वाटलं. पण वीस वर्षांची सवय अशी सुटते होय!

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘तुमच्या फॉर्ममध्ये जरा कमी लिहिण्यात आलं होतं.’

त्यांनी चष्मा लावला.

‘कोणाकडून?’

‘मी,’ मी म्हटलं. ‘मी लिहिलं. तुमचं काम मी माझ्या नावावर लावलं. रजाही त्यासाठीच घ्यायला लावली.’ इतकी सरळ वाक्यं मी शाळा सोडल्यापासून बोललो नव्हतो.

‘रजेचं नव्हतं कळलं,’ त्या म्हणाल्या. ‘ते वाईट केलंत. पोरीचा झाडाचा प्रवेश मी अर्धाच बघितला. फॉर्मचं कळलं होतं. वाचता येतं मला, भाऊ.’

‘मग त्या दिवशी आलात कशा माझ्यासाठी?’

‘तुमच्यासाठी कशाला येईन? दवाखान्यात पाणी नव्हतं.’

त्यांनी ते तीन जुने कागद माझ्यापुढे सरकवले आणि नकाशात दुरुस्ती करा म्हणाल्या. आज. मी केली. त्याखाली ‘दुरुस्ती करण्यात आली’ असं लिहिलं, मग खोडलं आणि ‘दुरुस्ती मी केली’ असं लिहिलं. तीन वर्षांचं काम, सात मिनिटं लागली.

त्या रविवारी साडू जेवायला आला. बायकोनं त्याच्यादेखत विचारलं, काय हो, हातांची खुर्ची आली का? मी सांगितलं, आली. खोटं नाही! सोमवारीच भांडारातून आली होती, चांगली जड, आणि आमच्या ऑफिसला लिफ्ट नाही. तळघरातून दुसऱ्या मजल्यापर्यंत ती खुर्ची उचलून नेण्यात आली आणि मावशींच्या टेबलामागे ठेवण्यात आली.

कोणाकडून, ते तेवढं विचारू नका.