कटकटीची गोळी

रविवारी सकाळी मी शेजारच्या दमयंतीकाकूंना प्रेमाने चहा नेऊन दिला आणि वर बोलणी खाल्ली.

"घात करतं काय गा? गोळी घेतली ना मी आत्ताच!"

काकू व्हरांड्यातल्या लाकडी खुर्चीत ताठ बसलेल्या. समोर कुंडीला टेकवलेला मोबाइल. हाडं ठिसूळ झाली म्हणून मिळालेली ती गोळी मोठी नखरेल. उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. मग अर्धा तास ना चहा, ना आडवं होणं. बायकोने हे मला सांगितलं होतं. मी नेहमीसारखं ऐकल्याचं नाटक केलं होतं.

ताठपणाचं काकूंना वेडच. उमरेडच्या विणकराघरचा जन्म, तरुणपण हातमागावर गेलेलं. माग कधीच विकला, पण माणसांकडे त्या अजून ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांसारख्याच पाहतात. मी फाटकाशी पोट सोडून उभा दिसलो की आतून हाक येते, "ताना ढिला पडून राहिला गा!" दूध पातळ आलं, ताना ढिला. नळ उशिरा आला, ताना ढिला. त्यांचा लेक सुनील तेवढा कधीच ढिला नसतो. तो 'बिझी' असतो. राहतो याच नागपुरात, मिहानकडे. पण तिथून इथे यायला त्याला जो वेळ लागतो, तेवढ्यात लोक परदेशी जाऊन परत येतात.

काकू मोरीत घसरल्या, मनगट मोडलं, तेव्हा हाडांचं कळलं. डॉक्टरीणबाईंकडे मी घेऊन गेलो. सुनील आला होता, फोनच्या स्पीकरवर.

"आठवड्याला एक गोळी," बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांनी इंजेक्शन, पण त्याची तारीख चुकवायची नाही. नाहीतर वर्षातून एकदा सलाईन. तुमचे रिपोर्ट पाहता तिन्ही चालतील."

"सलाईन घे आई," फोन म्हणाला. "वर्षभराची कटकट मिटते."

मीही मान डोलावली. वर्षातून एकदा उरकणारी कुठलीही गोष्ट मला पटते, आंघोळसुद्धा.

काकूंनी विचारलं, "यातली जास्त कटकटीची कोनती जी?"

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गोळी."

"मंग तेच द्या. सुन्या, ऐकून राहिला ना? सकाळी मले डुलकी लागते. आडवी झाली तं छाती जळन. अर्धा घंटा तू फोनवर पाहात जाय."

ऑटोत मी वैतागून म्हणालो, "काकू, सोपं सोडून हे कशाला?"

"वर्षातून एकडाव सलाईन घेतली," त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तं वर्षातून एकडावच इचारन तो."

तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ फोन लागायचा. सुनील 'हं आई' म्हणून फोन टेबलावर उताणा ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचा. काकू अर्धा तास ताठ बसून लेकाच्या घरचा पंखा पाहायच्या. नंतर माझ्या बायकोला कौतुकाने सांगायच्या, "पंख्यावर केवढी धूळ वं! सुनेले टाइमच नाही भेटत."

पुढे काकूंच्या छातीत जळजळ सुरू झाली. त्यांनी ती दाबून ठेवली. बायकोला कळली, तर तिच्याकडून "कोनाले सांगू नोको वं" असं वचन मागितलं. बायकोने सरळ डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गोळी बंद झाली, सलाईन ठरलं.

त्या दिवशी सुनील स्वतः आला. सलाईन संपेपर्यंत थेंबांकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने पाहत बसला. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बरं झालं भाऊ. आता वर्षभर पाहायचं काम नाही."

मी 'हो ना' म्हणालो. माझा ताणा ढिला आहे, हे काकू उगाच म्हणत नाहीत.

पुढच्या रविवारी पेपर उचलायला बाहेर आलो, तर काकू खुर्चीत ताठ. हाताशी पाण्याचा पेला. कुंडीला टेकवलेला फोन, काळाकुट्ट. एकदा बोलणी खाऊन मी शहाणा झालो होतो. पाय न वाजवता घरात आलो आणि बायकोला म्हणालो, "अगं, गोळी तर बंद झाली ना? मग त्या अशा का बसल्यात?"

तिने पातेलं गॅसवर ठेवलं.

"आता न्या चहा," ती म्हणाली. "तुमचाही कप न्या. आणि अर्धा तास तरी बसा."