निळी टर्बो सेडान विकावयास काढिली त्याची हकीकत

श्री. वाटेने जाणाऱ्यांस सुखरूप घरी पोहोचविणारी जी देवता, तिचे चरणी मस्तक ठेवून लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख मासी, एके राज्यी गणोजीराव धारूरकर म्हणून पाटबंधाऱ्याचे निवृत्त कारभारी होते, आणि त्यांचे पदरी निळ्या रंगाची टर्बो सेडान होती. नऊ वर्षे रावांनी तिची निगा ऐसी राखिली की, तेल मुदतीआधी बदलावे, धुताना परका हात लागू न द्यावा, दर दुरुस्तीची पावती वहीत चिकटवावी, आणि घाट लागताच ती ऐसी चढे की मागील गाड्या दिसेनाशा होत. मग मागील माघात नेत्रवैद्यांनी तपासून सांगितले जे, उजव्या अंगाचे कडेचे दिसत नाही, आता गाडी चालवू नये. रावांनी हे वर्तमान पत्नी सुभद्राबाईंसही कळू दिले नाही, आणि गाडी विकण्याचा निश्चय केला, आणि दलालाचे हाती देणे जिवावर आले म्हणोन आपणच जाहिरात दिली.

मग गिऱ्हाइके येऊ लागली आणि घोळ जाहला. पहिले गृहस्थ पावत्यांची वही पाहून संशयात पडले, की इतके कागद जपतो त्यास काही लपवावयाचे असेल. दुसरे म्हणाले, नऊ वर्षांत इतकीच चालली कैसी, मीटर मागे फिरविला असावा. आणि तिसऱ्यांनी तोच आकडा पाहून फार चालली म्हणून नाक मुरडिले. चौथ्यांनी नवे टायर पाहून अपघात कधी जाहला ते पुसिले. आणि निघते समयी सर्वांचा प्रश्न एकच, की इतकी उत्तम आहे तर विकता कां. राव कोणास म्हणत जागा पुरत नाही, कोणास म्हणत परगावी जातो, मग कोणास काय सांगितले हे त्यांसच स्मरेना. अखेर एके सकाळी राव स्वतःच गाडीखाली वाकून खोट शोधू लागले, आणि सापडेना तेव्हा अधिकच चिंतेत पडले.

मग ज्येष्ठ मासी मंजुळाबाई खरात, सरकारी रुग्णवाहिका चालविणाऱ्या, गाडी पाहावयास आल्या. त्यांणी वही चाळून मिटली आणि किल्ली मागितली. राव नऊ वर्षांत प्रथमच डावे आसनी बसले, सुभद्राबाई मागे बसल्या, आणि घाटाची वळणे मंजुळाबाईंनी ऐसी हळुवार घेतली की रावांचे मन निवाले. मग मंजुळाबाईंनी पुसिले, "काका, गाडी कां विकता?"

राव बोलिले, "मला उजवीकडचे दिसत नाही."

तेव्हा मागून सुभद्राबाई बोलिल्या, "चार महिने मला कोठे नेले नाही. मी समजले, माझेच काही चुकले."

राव उजवीकडे मान वळवून मागे पाहू लागले, परंतु सुभद्राबाई त्यांस दिसेनात. मग त्या पुढे सरकल्या, आणि दोन्ही आसनांचे मधून, जेथवर रावांची नजर पोहोचे तेथे, तोंड आणून बसल्या.

येणेप्रमाणे गाडी मंजुळाबाईंकडे गेली. उत्तम वस्तूवर लोकांस इतका संशय कां आला, हे त्या राज्यी अद्याप कोणास उमगले नाही. राव आणि सुभद्राबाई हल्ली पायी हिंडतात, आणि रस्ता ओलांडते समयी बाई रावांचे उजवे अंगास असतात. घडले ते इतके, लिहिणाऱ्याने येथे हात आवरिला.